केकची सजावट : सामान कोठून घ्यावे, काय पाहून घ्यावे

एके काळी आपल्या घरांत वाढदिवस म्हटला की सकाळी मंदिरात दर्शन, दुपारी शिरा किंवा लापशी आणि शेजाऱ्यांकडे पेढ्यांचे ताट एवढा बेत पुरेसा असे. आज त्या बेतात केकने आपली जागा पक्की केली आहे. मुलांचे वाढदिवस, आजी-आजोबांच्या लग्नाची पन्नाशी, नव्या दुकानाचे उद्घाटन, परीक्षेतील यश अशा प्रत्येक प्रसंगी केक येतो. आणि तो आता बेकरीतूनच येतो असे नाही. वसई, नालासोपारा, विरार येथील आपल्या अनेक भगिनी घरीच अंड्याविना केक करतात. काहींनी त्याचा छोटा व्यवसायही उभा केला आहे. दही आणि सोडा किंवा कंडेन्स्ड मिल्क यांच्या साहाय्याने हलका, जाळीदार केक करणे आता कोणालाही अवघड राहिलेले नाही.

तरीही एक गोष्ट नजरेतून सुटते. केक आपल्या हातचा असतो, त्यातील मैदा, साखर, दूध आपल्या डब्यांतले असते. पण त्यावरची सजावट मात्र बाजारातून येते. साखरेचे चकचकीत मोती, फॉन्डंटची फुले, लाल-गुलाबी रंग, क्रीम, इसेन्स या सर्व वस्तू दुसऱ्याने, दूरच्या कारखान्यात बनवलेल्या असतात. म्हणून ‘सामान कोठे मिळते’ या प्रश्नाबरोबर ‘ते कशाचे बनले आहे’ हा प्रश्नही विचारलाच पाहिजे. व्यापारी घरांतील माणसांना माल पारखण्याची सवय असतेच. तीच सवय येथे कामी आणायची आहे.

जवळ घ्यावे की मुंबईला जावे?

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. कागदावर शहर एक असले तरी खरेदीच्या दृष्टीने येथे प्रत्येक स्टेशनचा बाजार वेगळा आहे. वसई रोड, नालासोपारा, विरार यांच्या स्टेशनलगतच्या रस्त्यांवर बेकरीचा कच्चा माल विकणारी दुकाने आता सहज आढळतात. त्यातच वसई हा ख्रिस्ती वस्तीचा जुना परिसर असल्याने नाताळच्या सुमारास या मालाची मागणी वाढते. डिसेंबरात माल ताजा व विविध मिळतो, पण गर्दी असते आणि दुकानदाराला बोलायला सवड नसते. ज्यांना शांतपणे चौकशी करून खरेदी करायची आहे त्यांनी ती नोव्हेंबरातच उरकावी.

दुसरा मोठा बाजार मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात. १८६९ मध्ये उभी राहिलेली ही मंडई आता महात्मा जोतिबा फुले मंडई या नावाने ओळखली जाते. पण केकचे सामान घेणाऱ्याला केवळ त्या इमारतीत नव्हे, तर तिच्या भोवतालच्या गल्ल्यांतही फिरावे लागते. वसईहून चर्चगेटची लोकल धरून मरीन लाइन्सला उतरावे, पूर्वेकडे प्रिन्सेस स्ट्रीटने चालत काळबादेवी ओलांडावी, की लोहार चाळ आणि पुढे मंडई लागते. काळबादेवी, झवेरी बाजार, मंगलदास मार्केट या भागांत आपल्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांनी पेढ्या चालवल्या, त्यामुळे या वाटा घरातल्या कोणाला ना कोणाला पाठ असतातच. येथील ‘अरिफे’ हे दुकान केकचे साचे व सजावटीच्या साधनांसाठी नावाजलेले आहे. खोकी, कागद व पुठ्ठ्याच्या मालासाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट पाहावी. रविवारी बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा जाण्याचा दिवस विचार करून ठरवावा.

या दोन्ही बाजारांत निवड करण्याचा नियम सोपा आहे. जी वस्तू वर्षानुवर्षे टिकते ती मोठ्या बाजारातून, दहा दुकाने पाहून घ्यावी. जी वस्तू नासते, वितळते किंवा जिची मुदत संपते ती घराजवळून, थोडी थोडी घ्यावी. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. स्वस्त मिळाले म्हणून इतक्या लांबून आणलेले क्रीम वाटेतच बिघडले, तर वाचलेले पैसे दुपटीने जातात.

एकदाच घ्यायची साधने

आरंभी फार सामान लागत नाही. फिरता चौरंग, म्हणजे टर्नटेबल, एक सरळ व एक वाकडा पॅलेट नाइफ, कडा सारखी करण्यासाठी स्क्रेपर, डिजिटल वजनकाटा, दोन-तीन मापांचे साचे, क्रीम भरण्याच्या पिशव्या आणि मोजकी नोझल एवढ्यावर घरचा केक उत्तम सजतो.

टर्नटेबल घेताना ते दुकानातच फिरवून पाहावे. मध्यभागी वजन ठेवल्यावर ते डुगडुगत असेल तर क्रीमचा थर कधीच सारखा बसणार नाही. साच्यांच्या बाबतीत घरगुती हिशेब असा की अर्ध्या किलोच्या केकसाठी ६ इंची आणि एक किलोसाठी ८ इंची गोल साचा साधारणतः पुरतो. पाया म्हणून घ्यायचा पुठ्ठा साच्यापेक्षा दोन इंच मोठा असावा. साच्याच्या कडेला जोड असेल तर त्यात पीठ अडकते, म्हणून जोड नसलेला साचा श्रेयस्कर.

नोझलच्या बाबतीत अमेरिकेतील विल्टन कंपनीचे क्रमांक येथील दुकानांतही सर्रास बोलले जातात. १९२९ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या या कंपनीच्या क्रमांकांप्रमाणे १एम हे उघड्या चांदणीचे नोझल, ज्याने गुलाबासारखे वळण येते, २डी बंद चांदणीचे, १०४ पाकळ्यांसाठी, ३५२ पानांसाठी, आणि २३३ गवत किंवा पिसांसारख्या रेषांसाठी. एवढी पाच आणि लेखनासाठी एक बारीक गोल, अशी सहा नोझल निवडून घेतली तर पन्नास नोझलचा डबा विकत घेऊन त्यातली चाळीस न वापरण्याची वेळ येत नाही. नोझल पोलादी असावे, त्याचे टोक वाकलेले नसावे. वापरल्यावर ते धुऊन पूर्ण कोरडे करावे, नाहीतर आपल्या दमट हवेत त्याला गंज धरतो.

साधनांमध्ये एकच वस्तू अशी आहे जिथे आपल्याला विशेष जपायला हवे, आणि ती म्हणजे ब्रश. केकवर पाक लावायचा किंवा फुलांवर रंग भरायचा ब्रश पूर्वापार प्राण्यांच्या केसांपासून बनत आला आहे. खाद्यपदार्थांसाठीच्या ब्रशांत डुकराच्या राठ केसांचा उपयोग जगभर होतो. ब्रश ही खाण्याची वस्तू नसल्यामुळे तिच्यावर हिरवा ठिपका नसतो. म्हणून ‘नैसर्गिक केस’ असे लिहिलेला ब्रश टाळून नायलॉनचा किंवा सिलिकॉनचा मागावा. तो स्वच्छ करायलाही सोपा असतो.

हिरवा ठिपका काय सांगतो आणि काय सांगत नाही

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजेच एफएसएसएआयच्या, नियमांनुसार वेष्टनबंद शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल असतो. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी गोल असे. आता त्याऐवजी तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण आला आहे, जेणेकरून रंगातील फरक ओळखू न येणाऱ्या माणसालाही आकारावरून भेद कळावा. अंडे असलेला पदार्थ आपल्या कायद्यात मांसाहारीच गणला जातो. ही व्यवस्था आपल्यासाठी फार मोलाची आहे, कारण सजावटीच्या मालातील पुष्कळ प्रश्न तो एक ठिपका सोडवून टाकतो.

उदाहरणे पाहू. फॉन्डंट, मार्शमॅलो आणि आरशासारखी चमक देणारे ग्लेझ यांत जिलेटिन असू शकते, आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून काढतात. रॉयल आयसिंगसाठी मिळणारी मेरिंग पावडर मुळात अंड्याच्या पांढऱ्या भागाची असते. केक जेलमधील ४७१ क्रमांकाचे पायसीकारक आणि फॉन्डंट मऊ ठेवणारे ४२२ क्रमांकाचे ग्लिसरीन वनस्पतीपासूनही बनते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. केवळ क्रमांक वाचून यांचे मूळ कळत नाही. तेथे हिरवा ठिपकाच आधार देतो.

परंतु कायद्यातील ‘शाकाहारी’ आणि आपल्या घरातील ‘भक्ष्य’ या दोन शब्दांचा परीघ एक नाही. कायद्याने मांसाहाराची व्याख्या करताना दूध व दुधाच्या पदार्थांसोबत मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक, म्हणजे लाखेपासून केलेला लेप, यांना त्या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे या वस्तू असलेल्या मालावर हिरवा ठिपका असू शकतो आणि तो कायदेशीरही असतो. मध व लोणी यांची गणना आपल्याकडे महाविगयांत होते. लाख तर किड्यांपासूनच मिळते. म्हणून जेथे हिरवा ठिपका संपतो तेथून आपले वाचन सुरू झाले पाहिजे. घटकांच्या यादीत पुढील गोष्टी शोधाव्यात :

• ९०४ म्हणजे शेलॅक. साखरेचे चकचकीत मोती, चांदीसारख्या गोळ्या, चॉकलेटचा मुलामा दिलेले दाणे यांवर हा लेप असण्याचा संभव अधिक.

• ९०१ म्हणजे मधमाश्यांचे मेण. हेही चमक देण्यासाठीच वापरतात. याच कामासाठी ९०३ क्रमांकाचे कार्नोबा मेण असते. ते ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते.

• मध. काही फॉन्डंट आणि आयसिंगमध्ये गोडीसाठी घातलेला असतो.

• लोणी. बटरक्रीमचा पायाच तो आहे. ज्या घरात लोणी वर्ज्य आहे तेथे व्हिप क्रीम किंवा चॉकलेटचा गनाश हा पर्याय योग्य.

• मद्यार्क. इसेन्स विरघळवण्यासाठी द्रावक लागते. अमेरिकी नियमानुसार ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ म्हणवणाऱ्या द्रवात किमान ३५ टक्के मद्यार्क असावा लागतो. १५२० क्रमांकाचे प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरलेले इसेन्स किंवा व्हॅनिलाची पूड यांत ही अडचण येत नाही, मात्र यादी वाचून खात्री करावी.

• ४०६ म्हणजे अगार, आपल्या बोलीतले चायना ग्रास. जिलेटिनला तो शाकाहारी पर्याय आहे, पण तो समुद्री शेवाळापासून निघतो. ज्या घरी शेवाळाचाही नियम पाळतात त्यांनी फळांच्या सालीपासून मिळणारे ४४० क्रमांकाचे पेक्टिन निवडावे.

प्रत्येक घराचे नियम सारखे नसतात. कोणी हिरव्या ठिपक्यावर समाधान मानतो, कोणाला शेलॅकही चालत नाही. येथे कोणाला कमी-अधिक ठरवायचे नाही. ज्याचा जो नियम असेल तो त्याला नकळत मोडला जाऊ नये, एवढाच हेतू.

रंग, चमक आणि वर्ख

लाल रंगाविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. १२० क्रमांकाचे कारमाइन हे निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनिल नावाच्या किड्यापासून काढतात, आणि परदेशी मालात ते आढळू शकते. पण नावातील साम्यामुळे कारमॉइसिन आणि इंडिगो कारमाइन यांनाही काही जण तेच समजतात. ते बरोबर नाही; हे दोन्ही कृत्रिम रंग असून किड्यांशी त्यांचा संबंध नाही. भारतात अन्नासाठी परवानगी असलेले कृत्रिम रंग आठ आहेत : लाल रंगात १२२ कारमॉइसिन, १२४ पॉन्सो ४आर व १२७ एरिथ्रोसिन, पिवळ्यात १०२ टार्ट्राझिन व ११० सनसेट यलो, निळ्यात १३२ इंडिगो कारमाइन व १३३ ब्रिलियंट ब्लू, हिरव्यात १४३ फास्ट ग्रीन. बाटलीवर यांपैकी क्रमांक छापलेला नसेल, किंवा मोठ्या डब्यातून काढून साध्या पुडीत बांधलेला सुटा रंग असेल, तर तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

रंगाचा प्रकारही कामाप्रमाणे निवडावा. क्रीम आणि फॉन्डंटसाठी जेल रंग बरा. थोड्यात गडद होतो आणि क्रीम पातळ करत नाही. चॉकलेटसाठी मात्र तेलात मिसळणारा रंग हवा, कारण पाण्याचा अंश लागताच वितळलेले चॉकलेट आकसून घट्ट होते.

चकाकीच्या पुडीविषयी अधिक सावध राहावे. ‘नॉन-टॉक्सिक’ याचा अर्थ फक्त विषारी नाही इतकाच. खाण्यायोग्य असा नव्हे. हस्तकलेची चकाकी प्लॅस्टिकची असते. जिच्यावर घटकांची यादी, हिरवा ठिपका आणि १४ अंकी परवाना क्रमांक आहे तीच केकवर घालावी. चांदीच्या वर्खाबाबत तर आपल्या समाजात पूर्वीपासून जागृती आहे. जुन्या पद्धतीत चांदी जनावरांच्या आतड्यांच्या किंवा कातड्याच्या पानांत ठेवून कुटतात. यंत्रावर कागदात केलेला वर्खही आता मिळतो. केकसाठी घेतानाही हाच भेद विचारून घ्यावा.

थंड मालाचा प्रवास

व्हिप टॉपिंगची कथा १९४५ ची आहे. अमेरिकेतील बफेलो शहरात रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून फेसाळणारे पहिले क्रीम बनवले आणि दुधाच्या क्रीमला पर्याय मिळाला. आज आपल्याकडे मिळणारे ‘नॉन-डेअरी’ क्रीम त्याच वंशातले. त्यात काही वेळा दुधापासून काढलेले सोडियम कॅसिनेट असते, म्हणून दुधाची बाधा होणाऱ्या मुलांच्या पालकांनी केवळ नावावर विसंबू नये.

हे क्रीम उणे १८ अंश तापमानात गोठवून ठेवायचे असते. वापरण्याआधी ते फ्रीजच्या खालच्या भागात हळूहळू वितळू द्यावे आणि थंड असतानाच फेसावे. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. दुकानात पाकीट हातात घेऊन पाहावे. ते वेडेवाकडे होऊन गोठलेले असेल किंवा बाहेरून बर्फाचा जाड थर असेल, तर मध्यंतरी वीज जाऊन ते वितळले असण्याची शक्यता असते. ज्या दुकानात शीतपेटी नीट चालते आणि माल लवकर संपतो, तेच दुकान क्रीमसाठी धरावे, मग तेथे भाव चार रुपये जास्त का असेना. पावसाळ्यात फॉन्डंट आणि साखरेची फुलेही ओलावा धरतात. त्या चार महिन्यांत त्यांचा साठा करू नये.

विकणाऱ्या भगिनींसाठी

घरून केक विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती ऑनलाइन करता येते. तो नियम झाला. व्यवसाय मात्र साखेवर चालतो. ‘जैन केक’ म्हणून विकणाऱ्या भगिनीने आपल्या प्रत्येक सजावटीच्या वस्तूच्या मागील लेबलचे छायाचित्र काढून एका वहीत किंवा फोनमध्ये ठेवावे आणि कोणी विचारले तर क्षणात दाखवावे. एखाद्या आजींनी ‘या मोत्यांवर लाख आहे का?’ असे विचारले, आणि आपल्याला उत्तर माहीत नसेल, तर ते मोती त्या केकवर घालू नयेत. परदेशी माल घेताना आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक व हिरवा ठिपका यांची चिकटपट्टी आहे ना, हे पाहावे. ऑनलाइन मागवताना मागील बाजूचे स्पष्ट छायाचित्र नसेल तर मागणी नोंदवू नये.

खरेदीही एकत्र करता येते. पाच-सहा घरांनी मिळून खोकी, पुठ्ठे, नोझल यांची यादी केली आणि दोघींनी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन घाऊक भावात माल आणला, तर प्रत्येकीचा प्रवास व पैसा दोन्ही वाचतात. खोकी घडी केलेलीच घ्यावीत. गर्दीच्या लोकलमध्ये उभारलेली खोकी घरापर्यंत शाबूत पोहोचत नाहीत.

आणि वसई-विरारमधील आपल्या व्यापारी बंधूंसाठी एक विनंती. बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानात एक फळी अशी असावी जिच्यावर शेलॅक, मध, मेण, जिलेटिन आणि मद्यार्क यांपैकी काहीही नसलेलाच माल मांडला जाईल, आणि तसे स्पष्ट लिहिलेले असेल. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. लागते ती प्रत्येक लेबल एकदा नीट वाचण्याची चिकाटी. अशा दुकानात गिऱ्हाईक भाव न विचारता येते आणि पुढच्या वेळी शेजारणीलाही घेऊन येते. मुंबईपर्यंत जावे लागू नये असे वाटणाऱ्या घरांची संख्या येथे कमी नाही.